नळाखाली धुतलेला सांधा

प्रिय साइमी,

बटाटे पोचले, छान आहेत. हे पत्र मंगळवारच्या बोटीने बेटावर येईल. आधी हे वाच, कॉफी मग घे. तुझ्या गुरुवारच्या ऑपरेशनची मला फार भीती वाटतेय.

फोनवर तू हसायला लागलीस की सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून हे पत्र. ‘माझ्या भावाच्या, ओइवाच्या हातचा नवा खुबा घालून उन्हाळी सणाच्या शेकोटीभोवती नाचणार’ असं अख्ख्या बेटाला सांगत सुटली आहेस म्हणे. इकडे तुर्कू शहरातल्या प्रयोगशाळेत मला सगळे किटलीवाला म्हणतात. एकतीस वर्षं मी किटल्यांवर काचेचा मुलामा चढवला. कारखाना बंद पडला तेव्हा इथल्या प्रमुख मार्केट्टाबाईंनीच बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलामा तोच, फक्त किटलीऐवजी माणसाचा सांधा. टायटॅनियमच्या दांड्यावर काचेचा पातळ थर द्यायचा. अंगात गेल्यावर ही काच हळूहळू विरघळते आणि हाड तिला धरून वाढतं. म्हणून तिला आधी पाणी लागू द्यायचं नाही, स्पिरिटनेच पुसायचं. बाईंनी भट्टीशेजारी तशी पाटी लावलीय, खास माझ्यासाठी.

मार्चमध्ये सहा दांड्यांचं एक ताट भट्टीतून निघालं, वर भुकटी बसलेली. बोलण्याच्या नादात मी ते नळाखाली धरले, किटल्या धरायचो तसे. हाताची सवय गं, डोकं मागून आलं. पुसले तर चकचकीत. वहीत लिहिलं, स्पिरिट. वरून काही कळत नाही. पण काचेने अंगात जाऊन विरघळायचं, ते काम नळाखालीच सुरू केलं असणार. आता हाड धरेल की थर सोलून निघेल, कोण सांगणार? निघाला तर सांधा हलेल, पुन्हा चिरावं लागेल. तुला बहात्तरावं लागलंय, ते झेपायचं नाही.

परवा तू दवाखान्याच्या कागदावरचा सांध्याचा नंबर कौतुकाने वाचून दाखवलास. तो त्याच ताटातला आहे. मी बरं म्हणालो आणि हवेबद्दल बोलत बसलो. लाज वाटते मला.

सकाळी बाईंना सांगणार आहे. पण मी स्वतःला ओळखतो, त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत येईन. म्हणून आधी तुला लिहितोय. टेबलावर झोपू नकोस, डॉक्टरांच्या हातात हे पत्र दे. बाकीचे पाच दांडे केव्हाच कुणाकुणाच्या अंगात गेलेत. तुझा नंबर निघाला नसता तर मी गप्पच राहिलो असतो.

तुझाच भित्रा भाऊ,
ओइवा