सुरक्षा चिपसमोरची लाल फुली

प्रिय चिमे,

परवा तुमच्याकडून सुखरूप पोचलो. आईचा गुडघा बरा आहे. मी मात्र आल्यापासून चिडचिड करतोय, असं तिचं म्हणणं.

तुझा कॉम्प्युटर जोडला तेव्हा तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतीस. मदरबोर्डपासून पंख्यापर्यंत एकेक भाग मी निवडला आणि तू शेजारी बसून स्क्रू हातात देत होतीस. पुढे जरा काही अडलं की तुझा फोन यायचा, "बाबा, बघ ना!" तीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं, पण तुझ्यासारखं लाडकं गिऱ्हाईक दुसरं मिळालं नाही. आता काही अडलं की तू शेजारच्या खोलीत नवऱ्याला हाक मारतेस.

रविवारी जावईबापू नवी सिस्टिम टाकायला बसले. आधी तुझी सगळी चित्रं वेगळ्या डिस्कवर उतरवली, चार-पाच उघडून पाहिली, मगच कॉम्प्युटरला ती सिस्टिम चालेल का याची तपासणी लावली. मी मागे उभा राहून चुका शोधत होतो. एक सापडेल तर शपथ! प्रोसेसर ठीक, मेमरी ठीक, जागा ठीक. फक्त सुरक्षा चिपसमोर लाल फुली, आणि त्या चिपशिवाय नवी सिस्टिम चढत नाही. ते म्हणाले, "चिप असणार, बंद असेल." तू त्यांच्याकडे कौतुकाने बघितलंस. तसं तू फक्त माझ्याकडे बघायचीस. मी फटकन म्हणालो, "या बोर्डावर चिपच नाही. जोडलाय कोणी?" तू म्हणालीस, "बाबा म्हणतोय म्हणजे नसेलच." त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

आणि काल तुझा फोन. शनिवारी कॉम्प्युटर भंगारात देताय, नवा लॅपटॉप त्यांनी पसंत केलाय. वर मलाच समजावत होतीस, "बाबा, वाईट वाटून घेऊ नकोस हं."

चिमे, चिप आहे. तेव्हा तिची गरज नव्हती म्हणून मीच ती बंद ठेवली होती. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, सुरक्षेच्या पानावर दुसरी ओळ. हे मला रविवारीही पक्कं ठाऊक होतं. काल सांगणारच होतो, तेवढ्यात तुझ्यामागून त्यांचं हसणं ऐकू आलं आणि माझं तोंड मिटलं. म्हणून हे पत्र कुरिअरने धाडतोय. शनिवारच्या आत मिळेल. वाचून त्यांनाही दे. ते बरोबर होते, मी खोटं बोललो. चिप त्यांनाच चालू करू दे, माझी गरज पडणार नाही. सिस्टिम चढली की कळवा मात्र. फोन त्यांनी केला तरी चालेल.

अजूनही तुझाच,
बाबा