सत्तराचे साडेसहा

दिग्रस, २ मार्च १९६१

नागपूरहून माझ्या भावानं, हरिसिंगदादानं पाठवलेलं पार्सल आलं. उजेड मोजायचं जर्मन मीटर, जुनं — बावीस रुपये. मोटारभाडं — दीड रुपया. देवीपुढे नारळ — पन्नास नये पैसे.

हे म्हणाले, "मीटरले नारळ कायले?" म्हटलं, घरात यंत्र आलं, आधी जगदंबेला दाखवायचं.

अमरावतीच्या फिल्म कंपनीची अट आहे — पडद्यावर दहा फुट-लॅम्बर्ट उजेड असेल तरच देवीचा रंगीत चित्रपट देऊ. आमच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत आजवर सगळे काळे-पांढरेच खेळ. पंचवीसला रामनवमी, पोहऱ्याची जत्रा. याडी, म्हणजे सासूबाई, रोज म्हणतात, "एकदा देवी रंगात पाह्यली का मी मोकळी!"

३ मार्च

दिवेलागणीला मशीन लावून पडद्यावरचा उजेड मोजला. काटा सत्तरावर! मशीनवाला रहमत ओरडला, "मालक, त्यायनं दहा मांगले, आपुन सत्तर देऊन राह्यलो!" हे लगेच कार्ड लिहायला बसले. याडी पुढच्या बाकावरून — "मले तं झकास दिसते."

मला पटेना. मीटरवर शब्द आहे अपोस्टिल्ब. कंपनी मागते फुट-लॅम्बर्ट. शेर मागितले तिथे छटाक मोजून चालतील का? म्हटलं, आज कार्ड टाकू नका.

४ मार्च

सुटलं!! पिशवीत इंग्रजी कागद निघाला. दोनदा वाचला, तिसऱ्यांदा कळला. उजेड तोच. एका चौरस फुटावर पसरला की फुट-लॅम्बर्ट, तेवढाच चौरस मीटरभर पसरला की अपोस्टिल्ब. गोळा तोच, लहान भाकरी थापली तर जाड, मोठी थापली तर पातळ.

मीटर म्हणजे ३.२८ फूट — गज जाऊन मीटर आला तेव्हाच कापडवाल्याकडून उतरवून घेतलं होतं. त्याला त्यानेच गुणलं. १०.७६. म्हणजे आपले सत्तर हे साडेसहाच! दहा हवे तर काटा एकशे आठवर पाहिजे.

हे म्हणाले, "मंग आता? जत्रा तं गेली." रहमत मात्र हसला — "भाभी, तुमी तं उजेडही तोलून घेता!"

मॅट्रिक झाले तेव्हा तांड्यात पेढे वाटले होते बाबांनी. आज ते हवे होते.

६ मार्च

पूजेला बसले आणि डोक्यात आलं. दर जत्रेआधी आपण पडदा नीळ घालून धुतो! धोतरासारखा पांढराशुभ्र दिसावा म्हणून. रिवाजच आहे. पण नीळ म्हणजे रंगच की — रंग उजेड खातो.

कोरं मांजरपाट पडद्याच्या कोपऱ्याला टाचलं. तिथे काटा वर, शेजारी निळीवर खाली. यांनी स्वतः तीनदा पाहिलं!

११ मार्च

पडदा सोड्यात उकळला. हात सोलले. नीळ निघाली, वर चुन्याचं पातळ पाणी दिलं. शहाण्णव. अजून कमीच.

१२ मार्च

रहमतनं मशीनच्या दिव्यामागचा आरसा काढला. त्यावर बोटभर काजळी! "काहून रे?" म्हणून हे खेकसले. तो म्हणाला, "मालक, तुमीच म्हणले व्हते, आरशाले हात नोको लावू!" पुसला.

एकशे बारा. दहा फुट-लॅम्बर्ट आणि वर चिमूटभर. जय जगदंबे!

कार्ड मी लिहिलं, सही यांची. खाली यांनी आपणहून घातलं — "हिशेब सौ. चंदाबाई." मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१९ मार्च

मंजूर! रिळांच्या पेट्या येतायत.

२५ मार्च, पोहरा

तंबू फुटेस्तोवर माणूस. देवी प्रकटली तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या. कुंकू लाल, शालू हिरवा, तंबूत असा रंग या मुलखानं पाहिला नव्हता. हे लोकांना सांगत फिरत होते, "आमच्या घरी हिशेब झाला याचा!" याडी पुढच्या बाकावर, हात जोडून.

२६ मार्च

काल एक लिहायचं टाळलं. मध्यंतरानंतर दिव्याची कार्बनची कांडी तुटली. आवाज चालू, पडदा काळाकुट्ट. सगळा तंबू शिट्ट्या मारत होता. आणि याडी माझा हात धरून — "शालू पाय, चंदा, कसा हिरवागार!"

आज याडीच्या डोळ्यांपुढे बोटं धरली. मोजता येईनात. मग म्हणाल्या, "तुमी येवढे राबले माह्यासाठी. नाही दिसत असं कसं म्हनू?"

दादाला पत्र टाकलं — "याडीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिसतो. नागपूरच्या दवाखान्यात दिवस ठरव. मीटर परत पाठवते, विकून टाक. माझं मोजून झालं. तिचे डोळे बरे झाले की चित्रपट पुन्हा मागवीन, पडद्याचा उजेड मी राखून ठेवते. उलट टपाली कळव."