संतप्त नातेवाईक

तीर्थरूप दाजी यांस,

उभ्यानेच साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे. वाकलो तर उठवायला ताई लागेल, आणि ती सध्या स्वतःच आडवी आहे.)

तुमची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय नाही. टाकीच्या उद्घाटनाला मी चारचौघांत जे बोललो त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. काल मी वॉर्डात पुढच्या दाराने शिरलो आणि तुम्ही मागच्या दाराने औषध आणायला गेलात. औषधाचं दुकान दवाखान्याच्या फाटकातच आहे, दाजी. मी ताईच्या उशाशी बसलो, तिने पंखा, नर्स आणि माझा शर्ट या तिघांबद्दल आपलं मत सांगितलं, मग तिचा डोळा लागला, तरी तुमचं औषध काही आलं नाही. म्हणून हे पत्र. इतकी वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, एवढ्या भरवशावर लिहितो आहे. (मागच्या वेळेसारखं लाल शाईने शुद्धलेखन सुधारून परत मात्र पाठवू नका.) आणि एक वचन आधीच देऊन ठेवतो. या पत्रात टाकीचा विषय काढणार नाही.

भाचीकडून तुमचा निरोप पोचला. "मामा, बाबा म्हणतात, तुझ्या लॅबला टाळं लाव," इतकाच, पण तिने तो तुमच्या आवाजात सांगितला, त्यामुळे पुरेसा लागला. ताईचा ताप उतरत नव्हता, डॉक्टर रिपोर्टची वाट बघत औषध बदलत नव्हते, आणि लॅबमधून रिपोर्ट निघत नव्हता, म्हणून तुमचा संताप. तो रास्त आहे. फक्त लॅब माझी नाही. मी तिथल्या थंड खोल्या आणि जनरेटर सांभाळणारा ठेकेदार. हातगाडीवर बर्फ ओढत या शहरात आलो तेव्हा तुम्हीच माझं नाव 'बर्फ्या' ठेवलंत. आता चार गाड्या आणि अकरा माणसं आहेत, तरी घरात नाव तेच आहे, आणि त्याबद्दल तक्रार नाही. त्या नावाचा पुढे उपयोग झाला, ते सांगतोच.

तर आमच्या लॅबची एका परदेशी लॅबशी भागीदारी झाली आहे. भागीदारी म्हणजे काय, हे मी दोन वर्षं लक्ष देऊन पाहतो आहे. ते येतात, आपण भिंती रंगवतो. ते यंत्र देतात, आपण यंत्रासाठी भिंत फोडतो. (एक यंत्र दारातून शिरेना म्हणून खिडकी काढली, तर आत आल्यावर कळलं की त्याची पिन आपल्या एकाही सॉकेटात बसत नाही. आठ महिने त्याच्यावर फुलदाणी होती. फुलं मात्र रोज ताजी.) मग दोन्हीकडचे साहेब एका फलकासमोर उभे राहून हात मिळवतात, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा मिळवतात. हसतोय खरा, पण या पत्राच्या शेवटी हे शब्द मला थोडे गिळावे लागणार आहेत, तेव्हा आत्ता हसून घेतो.

या खेपेला त्यांनी सराव ठेवला होता, दोन दिवसांचा. एका काल्पनिक गावात ताप पसरलाय, तिथून रक्ताचे नमुने येतायत, फोन वाजतायत, वीज जातेय, नातेवाईक गोंधळ घालतायत, आणि लॅब काही डगमगत नाही, असा देखावा करायचा. पाहुणे मागे बसून गुण देणार. कल्पना वाईट नाही. तुम्हीही आगीची खोटी घंटा वाजवून पोरांना मैदानात पळवायचात. प्रत्येकाला भूमिका वाटून दिल्या. कॅन्टीनवाल्याला 'संतप्त नातेवाईक' मिळाला, आणि तो आठवडाभर चहा देता देता लोकांवर ओरडून तयारी करत होता. मला वीज घालवायची भूमिका. जनरेटरच्या खटक्याशी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मोठ्या साहेबांनी रुमालाने घाम पुसला की खटका पाडायचा. (वीज जाऊ नये म्हणून आयुष्यभर पैसे घेतले, घालवायचे पहिल्यांदाच मिळणार होते. ताईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, मोडायचं काम तुला लहानपणापासून जमतं.)

फाटकावरच्या पहारेकऱ्याला एकच हुकूम होता. या दोन दिवसांत येईल त्या प्रत्येक पेटीवर 'सराव' छापलेली पिवळी पट्टी चिकटवायची, म्हणजे खोटे नमुने खऱ्यांत मिसळायला नकोत. खरे नमुने त्या दोन दिवसांत येऊ नयेत असं पत्र सगळ्या दवाखान्यांना गेलं होतं. ताप काही पत्रं वाचत नाही. पहारेकरी इमानदार माणूस. त्याने सरावाच्या पेट्यांवर पट्टी लावली, बिस्किटांच्या खोक्यावर लावली, एका पाहुण्याच्या बॅगेवर लावली, आणि पहिल्या दिवशी सकाळी तुमच्याकडच्या दवाखान्याची गाडी आली तेव्हा तिच्यातल्या पेटीवरही लावली. आत रक्ताच्या तीन बाटल्या होत्या. एक ताईची, एक कोणा बस कंडक्टरची आणि एक तुमच्या समोरच्या इस्त्रीवाल्याच्या मुलीची. त्या रक्तातला जंतू वाढवायचा, कोणत्या औषधाने तो मरतो ते बघायचं आणि डॉक्टरला कळवायचं, एवढंच खरं काम. पेटी हॉलमध्ये सरावाच्या टेबलावर जाऊन बसली. मी दिवसभर तिच्यापासून चार हातांवर होतो. बिस्किटंही खाल्ली. ताई आजारी आहे हे मला कोणी कळवलंच नव्हतं. (कोणी म्हणजे कोण, ते लिहीत नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचा फोन वाजला. तो सरावासाठी हॉलच्या भोंग्याला जोडला होता, म्हणजे पाहुण्यांना सगळं ऐकू यावं. दवाखान्यातली नर्स होती. काल पाठवलेल्या बाटल्यांचं काय झालं, तिघांचाही ताप हटत नाही, डॉक्टर औषध बदलायला थांबलेत, लहान मुलगी सकाळपासून ओळख देत नाही, असं ती सांगत होती. साहेबांनी पाठ केलेल्या आवाजात उत्तर दिलं, "आपला नमुना क्रमांक सांगा आणि धीर धरा." पलीकडून रडू फुटलं. हॉलमध्ये दोघा-तिघांनी हळूच टाळ्या वाजवल्या. साहेब फोनवर हात ठेवून शेजाऱ्याला म्हणाले, "कोण आहे रे ही? काय मस्त करतेय!"

माझे कान तुम्हाला माहीत आहेत. कॉम्प्रेसर नुसता ऐकून मी त्याचं दुखणं सांगतो. ते रडणं मला खोटं वाटलं नाही, पण खरं असेल असं म्हणायला जीभही उचलेना; दीडशे माणसं आणि सगळी माझ्यापेक्षा शिकलेली. तेवढ्यात नर्स म्हणाली, "अहो, त्या हेडमास्तरांच्या बाईसुद्धा बरळायला लागल्यात. बरळतानाही म्हणतात, पंख्याचं पातं वाकडंय, बर्फ्याला बोलवा."

दाजी, जगात मला त्या नावाने हाक मारणारी तीनच माणसं आहेत, आणि त्यातलं एक वर्षभर बोलत नाही.

मी ओरडलो, "थांबा! ती माझी बहीण आहे!" साहेबांनी कौतुकाने मान हलवली. पाहुण्यांनी लिहून घेतलं. कॅन्टीनवाला तेवढा संतापला. "अहो, नातेवाईक मी आहे! माझी पाळी दुपारी आहे!" म्हणून तो माझी बाही ओढायला लागला. मी त्याला ढकललं, आणि तेही लिहून घेतलं गेलं. मग मला सुचलं ते एकच. मी खटका पाडला. हॉल काळोखात गेला, भोंगा बंद पडला. आता तरी भानावर येतील म्हणून मी तोंडाला येईल ते बोललो, शिव्यांसकट. तर साहेबांचा समाधानी आवाज आला, "वीज ठरल्याआधी घालवली. अनपेक्षित अडचण! शाब्बास!" आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. दाजी, खोट्यासाठी टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. खऱ्यासाठी पडलेल्या त्या पहिल्याच, आणि तशा पुन्हा ऐकायची इच्छा नाही. जेवढं खरं बोलावं तेवढे गुण वाढत होते.

शेवटी विश्वास कोणी ठेवला? पाहुण्यांतल्या एका उंच, वयस्कर बाईने, जिला आपल्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता. (दुभाष्याने माझ्या शिव्यांचं भाषांतर "नातेवाईक काहीसे नाराज आहेत" असं केलं होतं, हे नंतर कळलं.) शब्द कळत नव्हते म्हणून तिला नुसते आवाज ऐकू आले. नर्सचा आणि माझा. तिने मोबाईलचा उजेड लावला, टेबलापाशी गेली, पेटीवरची पिवळी पट्टी नखाने सोलली आणि खालचा दवाखान्याचा शिक्का सगळ्यांना दाखवला. मग कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅन्टीनवाल्याने मला खुर्ची आणून दिली.

पुढचं भराभर सांगतो. त्या बाईने अंगातला कोट काढला, बाह्या वर केल्या आणि आमच्या तंत्रज्ञ बाईंच्या शेजारी बाटल्या घेऊन बसली. जंतू टायफॉईडचा निघाला, पण हट्टी. नेहमीच्या औषधांना दाद देईना. त्याला कोणतं औषध मारतं ते तपासायच्या चकत्या आमच्या लॅबमध्ये कधीच संपल्या होत्या (मागणीचा कागद सहा महिने साहेबांच्या सहीची वाट पाहत होता, कारण साहेब भागीदारीच्या बैठकीत). त्या चकत्या बाईच्या स्वतःच्या पेटीत निघाल्या. तिकडून सरावासाठी आणलेल्या. म्हणजे ताईला आज जे औषध चालू आहे ते त्या भागीदारीतून कळलेलं आहे, आणि हेच ते शब्द, जे गिळतो असं वर लिहिलं. फलक, फोटो, हात मिळवणं, सगळं जाऊ दे. दोन बायका एका टेबलाशी न बोलता काम करत होत्या, तेवढी भागीदारी खरी.

ताईचा ताप काल पहिल्यांदा उतरला. कंडक्टर बसून खायला लागलाय. तिसरा रिपोर्टही छान आला, दाजी. कोणतं औषध लागू पडेल ते स्वच्छ छापलं होतं. पण ती मुलगी आदल्या संध्याकाळीच गेली होती. पिवळी पट्टी नसती तर रिपोर्ट एक दिवस आधी मिळाला असता. त्या एका दिवसाचं गणित तुम्ही करू नका, मी रोज करतोच आहे. तिच्या बापाकडे मी जाऊन आलो. त्याने मला बसायला दिलं, आणि सवयीने माझ्या शर्टाच्या चुरगळलेल्या कॉलरकडे पाहत राहिला.

भाचीला आशीर्वाद. तुमचा राग तब्येतीसह सांभाळा.

तुमचा मेहुणा,
बर्फ्या

ता. क. : सराव उत्तम गुणांनी पास झाला. काल लॅबमधून मला चौकटीतलं प्रमाणपत्र आलं, 'संतप्त नातेवाईक, सर्वोत्कृष्ट सादरीकरण'. मी ते कॅन्टीनवाल्याला नेऊन दिलं. त्याने घेतलं नाही.

ता. क. दुसरं : वचन मोडतो. आज सकाळी मी थंड खोलीच्या मागे पाना घेऊन होतो आणि पलीकडे तंत्रज्ञ बाई बोलत होत्या. मला कोणी सांगितलं नाही, ऐकू आलं. तुमच्या गल्लीतून पाण्याचे नमुने आणले होते. टाकीत तोच जंतू आहे. सरकारी पत्र तुम्हाला रीतसर येईल. पण त्यावर साहेबांची सही हवी, आणि साहेब पाहुण्यांना विमानतळावर पोचवायला गेलेत. पहिल्याच ओळीत हे लिहिलं असतं तर तुम्ही पत्र फाडलं असतंत, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं. वर्षापूर्वी मी झाकणाबद्दल आणि शेजारच्या गटाराबद्दल बोललो ते तुम्हाला हिणवायला नव्हतं, पण चारचौघांत बोललो ते चुकलंच. ती टाकी तुम्ही पेन्शनच्या पैशांतून बांधलीत, तिच्यावर तुमच्या आईंचं नाव आहे, आणि पहिली तोटी तुम्ही त्या इस्त्रीवाल्याच्या मुलीच्या हातून उघडलीत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही लोकांना पाणीच द्यायला निघाला होतात. याहून वेगळं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. ओरडायचा मला आता दाखला मिळालाय.

ता. क. तिसरं आणि शेवटचं : हे पत्र आणणारा माणूस माझा टँकरवाला आहे. तुमचं वाचून होईपर्यंत तो दारातून हलणार नाही. गल्लीला पुरेल एवढं पाणी त्याच्या गाडीत आहे, आणि उद्यापासून रोज येईल. टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हची किल्ली तुमच्या खुंटीवर असते. उन्हातून आलाय बिचारा, पण त्याला पाणी विचारू नका. किल्ली द्या.