बाबांचं नवं घड्याळ

दादा,

तू बाबांसाठी पाठवलेलं घड्याळ बंद पडलं म्हटल्यावर फोनवर केवढा चिडला होतास! "वॉरंटी आहे, प्रकरण धसास लाव." मी लावलं. दुकानात ग्राहक मंचाची धमकी देऊन घड्याळ बदलून आणलं. तर तेही बाबांच्या मनगटावर गाढ झोपलं.

हरवू नये म्हणून मी ते स्वतःच्या हातात घालून दुकानात न्यायचे. काउंटरवर पोचेपर्यंत काटे मजेत फिरायला लागलेले असायचे आणि मी तोंडावर पडायचे. शेवटी परवा दुकानदारानेच हळू आवाजात विचारलं, "ताई, हे सेलवरचं नाही, हाताच्या हालचालीवर चालतं. घालतं कोण?"

भांडायला गेलेली मी, घड्याळ तसंच हातात घालून परत आले.

बाबांचा हात आता हलत नाही, दादा. तुला मी 'जरा अशक्तपणा आहे' एवढंच सांगत आले. हे पत्रही टाकणार नाहीच.

दुपारी पडदा हलतो, उन्हाचे कवडसे चादरीवरून सरकत जातात. मी बाबांचा हात धरून पाळण्यासारखा झुलवत बसते. मग सेकंदकाटा जागा होतो. बाबा डोळे मिटून ती टिकटिक ऐकतात.

"बघ, केलं की नाही त्यांनी दुरुस्त?" म्हणतात.

मी हो म्हणते.

तर घड्याळात काहीच खोट नाही. फक्त बाबांचा दुसरा हात, तुझ्या वाट्याचा, रिकामा असतो.

तुझीच,
धाकटी