ढब्बीच्या पोटातला फासा

तीर्थस्वरूप आईंना,

जावयाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. हल्ली कपाटाखालचे कुत्र्यांचे केस रोज मीच काढतो, त्यामुळे सवय आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला? फोनवरच विचारलं असतं, पण आमच्याकडे फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं आणि स्वयंपाकघरात तुमची कन्या असते. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचा रविवारचा खेळ तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही त्याला ‘घोड्यांचा पोरखेळ’ म्हणता, तेही माझ्या कानावर आहे.) जेवणाच्या टेबलाभोवती बसून आम्ही तिघं एका काल्पनिक राज्यात वावरतो. कोपऱ्यावरचे शिंपीभाऊ जादूगार होतात, दातांचे डॉक्टर बुटके योद्धे, आणि मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि तंटे सोडवणारा. कोण तरणार, कोण मरणार, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्या रविवारी शिंपीभाऊंचा जादूगार राक्षसाच्या तावडीत सापडला. सहा वर्षं जिवापाड जपलेलं पात्र हो! (त्यासाठी त्यांनी मखमली झगा शिवलाय आणि भर दुपारी तो घालून ते रस्त्याने चालत येतात.) पंधरा किंवा वर पडले तर वाचला, नाहीतर कायमचा गेला. शिंपीभाऊंनी डोळे मिटून फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळत खाली गेला आणि आमच्या थोरल्या कुत्रीने, ढब्बीने, गट्टम केला. हीच ढब्बी हाक मारली तर ठार बहिरी असते, पण बिस्किटाचा पुडा पलीकडच्या खोलीत उघडला तरी तिला कळतं. धाकटा भुंगा नुसता भुंकत राहिला. आकडा कुणीच पाहिला नाही.

जनावरांच्या डॉक्टरांकडे ही, म्हणजे तुमची कन्या, ढब्बीला कवटाळून रडवेली झाली होती, आणि शिंपीभाऊ डॉक्टरांना विचारत होते की एक्स-रेमध्ये वरची बाजू दिसते का. दातांच्या डॉक्टरांनी तर खिशातून भिंगच काढलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, फाशाच्या कडा गुळगुळीत आहेत, आपोआप बाहेर येईल, घाबरू नका. माझ्या जिवात जीव आला. तेव्हाच तोंड बंद ठेवलं असतं तर! पण माझ्यातला सूत्रधार उसळला आणि मी तिथल्या तिथे निवाडा दिला: फासा अजून थांबलेलाच नाही, तो घरंगळतोच आहे; बाहेर येऊन जमिनीवर स्थिरावेल तेव्हा जी बाजू वर असेल, तोच आकडा. दोघांनीही माना डोलावल्या. हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तुम्ही हिच्या लहानपणी पाहिली असेलच.

मग काय, आम्ही तीन बापये बागेत ढब्बीच्या मागे. एवढी मंडळी टक लावून बघत असताना ती बिचारी कशाला बसतेय! चार पावलं जायची, वळून बघायची आणि माघारी फिरायची. शेवटी हिने आम्हाला हाकललं आणि स्वतः तिला घेऊन गेली. परत आली, फासा गरम पाण्याने धुतला, खिडकीत वाळत ठेवला आणि म्हणाली, “आकडा मी पाहिलाय. सवडीने सांगेन.”

ती सवड अजून आलेली नाही. दरम्यान मी गळका नळ दुरुस्त केला, फडताळ लावलं, दोन्ही कुत्र्यांना आंघोळी घातल्या. दातांच्या डॉक्टरांनी ढब्बीचे दात घासले. शिंपीभाऊंनी सगळ्या खोल्यांचे पडदे फुकट शिवून दिले, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. परवा गिऱ्हाइकाच्या विजारीला त्यांनी बाही लावली. खरं सांगू का, घर मात्र छान दिसतंय. खेळ अडलाय, त्यामुळे रविवारी दुपारी ही आणि मी कुत्र्यांना घेऊन तळ्यापर्यंत चालत जातो, आणि मला ते फार आवडतं. (हे हिला सांगू नका. नाहीतर आकडा म्हातारपणी कळायचा.)

बाबांना नमस्कार. जिवाला जपा.

तुमचा, सध्या अत्यंत आज्ञाधारक,
जावई

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. ही तुम्हाला सगळं सांगते, तेव्हा आकडाही सांगितला असणार. जादूगार वाचला असेल तर फोनवर मला ‘गुडघे ठणठणीत आहेत’ म्हणा, गेला असेल तर ‘फार दुखतात’ म्हणा. हिला संशय येणार नाही.

ता. क. : आई, पाकीट टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलंय, म्हणजे बघ! अगं, आकडा मी पाहिलेलाच नाही. नाक दाबून, डोळे मिटून उचललं सगळं. कुठली वर आणि कुठली खाली! पण शिंपीभाऊंचं तोंड आता बघवत नाही. आणि तळ्यावर जायला मलाही आवडतं, हे तूही ह्यांना सांगू नकोस. फक्त माळा आवरायचा राहिलाय. तो झाला की मी कळवते. तोवर कितीही दुखले तरी गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढू नकोस. मग फोन कर आणि सांग, ठणठणीत आहेत.