सात नंबरचं कन्नड

३ ऑग., रवि.
बोम्मसंद्र्याहून दोन बस बदलून शाळेच्या ग्राउंडवर. सुट्टी अशी घालवतोस म्हणून रूमवरचे हसतात. हसू देत. खानापूरला आठवीपर्यंत शाळा झाली, तीही निम्मी खो-खोत. तेवढ्यावर मोहनराव अण्णांनी पंच करायला हाताखाली घेतलंय. अण्णा इथले, बेंगळुरातले पिढ्यान्‌पिढ्यांचे, मराठीत निम्मं कन्नड.
आज नुसतं बघायचं. म्हणाले, "शिट्टी आधी, मग हात, तोंड शेवटी. आणि नंबर इंग्लिशमधेच ओरडायचा, सरी?"
सरी म्हटलो, म्हणजे ठीक. का ते विचारलं नाही.
नीट जमलं तर २४ ला मुलींच्या फायनलला एका बाजूचा पंच मी.

६, बुध.
होसकोट्याहून मित्राचा फोन. तिथं नवी फॅक्टरी, पगार बरा, पण रविवारी पण ड्यूटी. एरवी एव्हाना बॅग भरली असती. बघतो म्हटलो.
ड्यूटीवर मशीनपुढं फाउलचा हात करून बघत होतो. सुपरवायझर म्हणाला, कुणाला थांबवायलास?

१०, रवि.
आज लीगची मॅच, शिट्टी माझी. छान चाललेलं. पळणाऱ्यांतली सात नंबर बाद झाली. गुण लिहिणारे सर कन्नड, म्हणून जोरात ओरडलो, "एळु!"
तर पाठलाग करणाऱ्या टीमची, चौकोनात बसलेली पल्लवी ताडकन उठली. खो मिळाला नाही आणि उठली, म्हणून मी शिट्टी मारली. फाउल. त्यांच्या पाठलाग करणारीला उलटं फिरावं लागलं, समोरची निसटली. एका गुणानं हरल्या.
पल्लवी म्हणाली, "सर, नीवे एळु अंद्री." तुम्हीच म्हटला. मी म्हटलो, गप बस.
चहाला अण्णा एवढे हसले की ठसका लागला. "अरे, एळु म्हणजे सात. आणि ऊठ म्हणजे पण एळुच की."
सीमेवरचा मी, दोन्ही बोलतो म्हणून मिरवतो. आणि हे...
मग अण्णा हसायचे थांबले. निकाल आता बदलत नाही म्हणाले. पण पोरगी खोटं बोलली नव्हती. पुढचं तुझं तू बघ.

१४, गुरु.
सांगितलं तर पल्लवीच्या टीमच्या कोच लता मॅडम मला फायनलला उभं करू देणार नाहीत. नाही सांगितलं तर कुणाला कळत पण नाही. पल्लवी सोडून.

१७, रवि.
सांगितलं. सगळ्या टीमसमोर, कन्नडमधेच. चूक माझी, फाउल नव्हता. पोरी एकमेकींना एळु एळु करत लोळायला लागल्या. पल्लवी हसली नाही. मान हलवली फक्त.
मॅडम पण हसल्या नाहीत. अण्णांना म्हणाल्या, आमची टीम फायनलला आली तर हे पंच नकोत.
अण्णा म्हणाले, सरी.
संध्याकाळी सेमी जिंकून फायनलला आल्या की. बरं वाटलं. वाईट पण वाटलं. बसमधे झोप मात्र मस्त लागली, स्टॉप चुकला.

२३, शनि.
मित्र म्हणतो, उद्याच जॉइन हो, जागा थांबणार नाही. नको म्हटलो. रविवार देणार नाही. म्हणाला, शिट्टी फुंकून पोट भरणार काय? नाही भरत.
अण्णांना फोन केला. मॅडमचं काय ठरलं? "अजून इल्ला, काही ठरलं नाही. तू ये. शिट्टी घेऊन ये."

२४, रवि.
ग्राउंडवरूनच, मोबाइलवर. लवकर आलो. चुन्याच्या रेघा मीच मारल्या, सरळ आल्यात. आता पायरीवर बसलोय. पलीकडं मॅडम आणि अण्णा बोलतायत. मॅडम हात करून काहीतरी सांगतायत, अण्णा ऐकतायत. इथं ऐकू येत नाही.

मॅडमच्या पोरी सराव करत होत्या. पल्लवी मॅडमकडं गेली, काहीतरी बोलली, मग पळत इकडं आली. माझ्या मागं येऊन मोठ्यानं म्हणाली, "सर, एळु."
सात की ऊठ, विचारलं नाही. पाठीत खो बसल्यासारखा उठलोय. अण्णांनी अजून इकडं बघितलेलं नाही.