दूरचं न ऐकणारा माईक

४ मार्च
दादाच्या ऑपरेशनची चोवीस तारीख ठरली. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढणार. श्वास पुढे मानेतल्या भोकातून. दादाने एवढंच विचारलं, "मग क्लॅरिनेट फुंकायचं कशानं?" डॉक्टरांनी कागदाची घडी घातली.

तेहतीस वर्षं बँडमध्ये वाजवलं, पण त्याचं एकट्याचं वाजवणं कुठेही नोंदलेलं नाही. जिथे आहे तिथे ड्रम उरावर बसलेले! घरी आल्यावर देवापुढे बसलो. मागितलं ते एवढंच – स्वच्छ आवाज मिळू दे. वीस दिवस आहेत. माईक आणायचा.

६ मार्च
वाद्यांच्या दुकानात गेलो. काचेतल्या चकचकीत माईकवर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, "आधी घर कसं आहे ते सांगा, काका." सांगितलं – खाली ग्रिल बनवणाऱ्यांचं वर्कशॉप, डोक्यावर पंखा, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. हसला. "मग हा नको. हा अख्ख्या गल्लीचं ऐकेल. डायनॅमिक घ्या. जरा बहिरा असतो, पण जवळचं इमानानं सांगतो. आणि स्वस्त."

त्यातही दोन जाती. गोल जाळीचा गाण्यासाठी, त्याच्या अंगावर बटण. चपट्या तोंडाचा वाद्यासाठी. बटणवाला नकोच – ऐन वेळी बंद राहायचा! माझं मन चकचकीतातून निघेना, तेव्हा त्याने तो आणि चपटा दोन्ही हातात दिले. "घरी लावून बघा. नको तो परत आणा."

७ मार्च
आमच्या पुस्तक-बाइंडिंगच्या कारखान्यातला जुना कॉम्प्युटर मालकांकडून मागून आणला. दोन्ही माईकची चाचणी घेतली. चकचकीत सपशेल नापास – खालचं कटर, वरचा पंखा, दादाचं ओरडणं, भांडी, सगळं आत. चपट्यात फक्त क्लॅरिनेट. तेही आधी कर्कश, कारण मी माईक भोंग्याच्या तोंडात घातला होता. दादा खेकसला, "अरे शहाण्या, आवाज भोकांतून येतो! चाळीस वर्षं एका घरात राहिलास, एवढं कळलं नाही?" मग मधल्या भोकांपासून वीतभर अंतरावर धरला. बरोबर बसला. चकचकीत उद्या परत.

१२ मार्च
चार चिजा झाल्या. पाव तास वाजवलं की दादा भिंतीला टेकतो. वाजवण्याआधी शिव्या, नंतर शिव्या – क्लॅरिनेटच्या रीडला, पंख्याला, मला. "पाणी दे रे, बघतोस काय!" मी ते सगळं छाटतो. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, बस्स. कारखान्यात सव्वीस वर्षं तेच करतो आहे. तिन्ही कडा कापल्याशिवाय पुस्तक पुस्तक दिसत नाही. छाट पोत्यात जाते. इथलीही पुसून टाकली, कॉम्प्युटरात जागा नाही.

१८ मार्च
वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ते नुसते बोलत असले तरी चालू ठेवा ना." दादा म्हणाला, "माझं बोलणं एवढी वर्षं ऐकलंस, अजून पोट भरलं नाही?" आम्ही तिघेही हसलो. मी रेकॉर्डिंग आधीच थांबवलं होतं.

२३ मार्च
नववी चीज. शेवटचा सूर त्याने संपूच दिला नाही, श्वास संपला तेव्हा तो संपला. मग स्वतःच क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पुसले, पेटीत ठेवले. काहीतरी म्हणाला. तोवर मी कानांवर हेडफोन चढवून कड कापत होतो.

२४ मार्च
सात तास. जिवंत आहे.

९ एप्रिल
दादा घरी आला. मानेला पांढरा रुमाल, हातात पाटी. बसल्या बसल्या लिहिलं – "चहा." मग पुसलं आणि लिहिलं – "कडक."

दुपारी तो झोपल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, वाजवलेलं नको, ते बोलतात ते लावा. तुम्हाला शिव्या घालतात तेवढं तरी. नऊच्या नऊ चिजा उघडल्या. प्रत्येक पहिल्या सुरावर सुरू, शेवटच्या सुरावर बंद. कड सरळ, कुठे धागा सुटलेला नाही.

"फोनमध्ये?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच मान हलवली. फोनवर दादा कधी "हं" आणि "ठेव" याच्यापुढे गेला नाही. तेही कोणी साठवलं नाही.

१० एप्रिल
पूजेला बसलो. मन लागेना. स्वच्छ आवाज मागितला होता. दिला की त्याने.

१३ एप्रिल
कॉम्प्युटर परत करायचा म्हणून सगळं काढून घेत होतो. एका कोपऱ्यात सात मार्चची चाचणी सापडली. नापास माईकची – छाटायच्याही लायकीची वाटली नव्हती. स्पीकरवर लावली. कटर. पंखा. भांडी. आणि त्या सगळ्यावरून दादा, मोठ्याने – "अगं ए, ऐकतेस का? इकडे ये जरा!"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "आले, आले!"

दादा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, पाटी मांडीवर.